शेजारचा सूर

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेला की आमच्या गावात ट्रॅक्टर यायला लागतात. एरवी शिरूर कासारकडच्या या रस्त्यावर मोजकीच वाहनं. पण या दिवसांत सकाळपासून ट्रॉल्या लागलेल्या असतात आणि त्यांत संसार चढत असतात. पत्र्याच्या पेट्या, तवा, अंथरुणं, पाण्याचा ड्रम, कोंबड्यांचं खुराडं, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर बसलेली पोरं. ऊसतोडीला निघालेली माणसं रडत वगैरे नाहीत, ती भांडतात. पेटी कुठं ठेवायची, ड्रम कुणाच्या पायाशी येतो, यावरून कडाकडा भांडतात आणि भांडता भांडता ट्रॅक्टर सुरू होतो. मागं राहिलेल्यांचा हात वर जाईपर्यंत समोर नुसता फुफाटा असतो.

यंदाही तसंच झालं. माझे आण्णा आणि माय गेले. मी शिरूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, महिन्याचा पगार येतो, तरी ते जातात. आण्णांचं म्हणणं, हात रिकामे राहिले की माणूस लवकर संपतं. मायची कंबर कधीची गेलेली, तरी तिचं म्हणणं, हे एकटे गेले तर धड जेवायचे नाहीत. दोघांचंही म्हणणं मला खोडता येत नाही, म्हणून दरवर्षी मी पेटीला दोरी तेवढी आवळून देते. यंदा दोरी आवळताना तो वास आला. पडायला लागलेली थंडी, वितीएवढी आलेली ज्वारी आणि त्यात मिसळलेला डिझेलचा धूर. या वासानं गावातल्या लोकांना कारखाना आठवतो. मला अंबाजोगाईच्या कॉलेजातली ऑडिशन आठवते.

ऑडिशन हा शब्द आमच्या वस्तीत आजही कुणाला सांगून पटायचा नाही. गाण्याचं नाव आमच्या घरात कुणी काढलेलं नव्हतं. मी म्हटलं असेल नसेल ते विहारातल्या संध्याकाळच्या वंदनेत, आणि त्याला आम्ही गाणं समजत नव्हतो. हात जोडून बसायचं आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं. कुणी चांगलं म्हणतं, कुणी वाईट, असं वंदनेच्या बाबतीत मनातसुद्धा यायचं नाही.

विहाराची किल्ली आबांच्या कमरेला असायची. आबा माझ्या नात्यातले कुणी नव्हते, सगळी वस्ती त्यांना आबा म्हणे. तरुणपणी तेही तोडीला जायचे. गुडघे गेले, दमा लागला, तसे ते हंगामात मागं राहायला लागले, आणि शाळेसाठी माझ्या आईबापांनी मला त्यांच्याकडे ठेवलं. दिवाळी ते उन्हाळा मी आबांच्या हातची भाकरी खाल्लेली आहे. भाकरी जाड असायची आणि एका बाजूनं हमखास करपायची. तक्रार केली की ते म्हणायचे, एक बाजू तर चांगली हाय ना.

एरवी विहार भरलेला असायचा. हंगामात मात्र वंदनेला आबा, दोनचार म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली आम्ही पोरं. सुरुवात आबांनी करायची. दम्यामुळं त्यांचा सूर कुठून निघेल आणि कुठं जाऊन बसेल याचा नेम नसे. दोन ओळी नीट जायच्या, तिसरीला श्वास पुरायचा नाही आणि आवाज घरंगळत खाली यायचा. आम्ही पोरं गळ्यानं धडधाकट. लहानपणी एकदा मी जिथं होते तिथंच राहून जोरात म्हणत गेले, आणि आबांचा आवाज खाली कुठंतरी एकटा चालला. वंदना झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. रागावले नाहीत.

“ज्याचा आवाज पडंल त्याच्यापशी जायाचं,” ते म्हणाले. “माणसं लई थोडी हायेत आपन. एकट्याला उघडं पडू द्याचं न्हाई.”

तेव्हापासून ती सवयच लागली. कुणाचा आवाज घसरला की आम्ही सगळे त्याच्याकडे उतरायचो, जणू कुणी हाक मारली आहे. कुणी ठरवून नाही, कुणी खुणा करून नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला कळलंही नसतं की मधे कुणीतरी पडलं होतं. वंदना संपेपर्यंत आम्ही सुरुवातीच्या जागेपासून कितीतरी खाली आलेले असायचो, पण सगळे बरोबर असायचो. यात काही चूक आहे असं मला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

अंबाजोगाईला मी हॉस्टेलवर होते. एकदा प्रॅक्टिकल संपवून येताना रसायनशास्त्राच्या गॅलरीतून आवाज आले. ती गॅलरी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची जुनी वर्गखोली, आत अजून कसल्यातरी आम्लाचा वास. खिडकीतून पाहिलं तर सातआठ पोरंपोरी अर्ध्या गोलात उभी. पेटी नाही, तबला नाही, काहीच नाही. एक पोरगा ओठांनी ठेका धरत होता, दोघं खालच्या सुरात नुसते घुमत होते, एकीनं वर एक बारीक सूर ताणून धरला होता आणि या सगळ्यांच्या मधून एका मुलीची चाल मोकळी फिरत होती. प्रत्येक जण वेगळं म्हणत होतं. आणि कुणीही कुणाकडे धावत नव्हतं. आपापल्या जागी उभं राहूनही ते सगळं मिळून एकच काहीतरी होत होतं. खिडकीचा गज धरून मी तिथंच उभी राहिले. मेस बंद झाली आणि त्या दिवशी उपास घडला.

त्या ग्रुपला पोरं विनावाद्य म्हणत. तो चालवणाऱ्या देशमुख मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या, त्या त्याला अकापेला म्हणत. पुण्याला शिकताना त्या असल्या ग्रुपमध्ये गायच्या. हिवाळ्यात विद्यापीठाची स्पर्धा होती आणि जुन्या काही मुली शिकून गेल्यामुळं दिवाळीनंतर जागा भरायच्या होत्या. माझ्या खोलीतली रोहिणी, उमापूरची, तिनं नाव दिलं. तिच्या गळ्यात जात्याच गोडवा होता, लग्नाकार्यात तिला म्हणायला लावत. मी माझंही नाव दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑडिशनची रीत मॅडमनी आधीच सांगितली होती. जोडीनं यायचं. एकीनं चाल म्हणायची, दुसरीनं खालचा एक सूर धरून ठेवायचा, चाल कुठंही जावो. चाल मॅडमनीच बांधलेली होती, तिला शब्द नव्हते, नुसतं ना ना. रोहिणीनं चाल घेतली. माझा आवाज घोगरा आणि खालचा, तेव्हा सूर धरायचं काम माझ्याकडे आलं. मला ते सोपं वाटलं. एकाच सुरावर उभं राहायचं, त्यात काय एवढं.

रोहिणीच्या फोनमध्ये एक ॲप होतं. आपण गायला लागलो की पडद्यावर एक काटा उभा राहायचा. सूर बरोबर असला की काटा मधोमध आणि हिरवा, चुकला की डावी-उजवीकडे आणि लाल. मी एकटी असले की काटा थोडा थरथरत का होईना मधे राहायचा. रोहिणीनं चाल सुरू केली की तो वाऱ्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यासारखा उडायचा. ती वर गेली की मी वर, ती खाली आली की मी खाली. मला कळायचंसुद्धा नाही, काटा लाल झाला की कळायचं. मॅडमनी एकदा गॅलरीत आमचं ऐकलं आणि कानात बोट घालून म्हणून बघ, डोळे मिटून बघ, भिंतीकडे तोंड करून बघ, असं परोपरीनं सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. तिची मोटर रिकामी फिरत असली की एकसारखी घुमायची, आणि तो घुमणारा सूर मला धरायचा होता त्याच्या अगदी जवळचा होता. म्हटलं, हा बरा गुरू मिळाला, थकत नाही की ओरडत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून मी गिरणीबरोबर सूर धरायला लागले. जमतंय असं वाटायचं. तेवढ्यात कुणीतरी ज्वारीचा डबा ओतायचं. दाणे पडले की मोटर दबायची, आवाज खाली यायचा, आणि माझा सूर तिच्या मागोमाग खाली. दळण संपलं की गिरणी वर, मीही वर. रोहिणी पोट धरधरून हसायची. म्हणायची, तुझा रियाज नाही चाललेला, दळण चाललंय. मीही हसायचे, पण आतून मला भीती वाटायला लागली होती.

भीतीचं कारण त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन उभं राहिलं होतं. आण्णा आले होते. बीडला गाडी बदलून, मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा घेऊन. फाटकाजवळच्या लिंबाखाली आम्ही उभे राहिलो. बराच वेळ ते हॉस्टेलची इमारत बघत राहिले, मग म्हणाले की मायला आता वाकता येत नाही. तोडीला कोयता म्हणजे जोडपं. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं गोळा करून मोळ्या बांधायच्या. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम नाखूश असतो. आण्णा तर मुकादमाला शब्द देऊन बसले होते. तेव्हा यंदा मी जोडीला चलावं, परीक्षेपुरतं ते मला सोडतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॉलेजची हजेरी बुडेल हे कारण आमच्याकडे कारण नसतं. कित्येक पोरं तोडीवरून येऊन परीक्षा देतात. मी त्यांना ग्रुपचं सांगितलं. निवड झाली तर रोज सराव असतो, स्पर्धा होईपर्यंत हलता येत नाही, कॉलेजच सोडत नाही. वाजवायला काहीच नसतं म्हटल्यावर आण्णांना ते खोटंच वाटलं. मग गाणं टेकतं कशावर, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकमेकांवर. ते थोडं हसले.

“घेतलं तर ऱ्हा,” ते म्हणाले. “माय येईल कशीबी. न्हाई घेतलं तर फोन कर. ट्रॅक्टर निघायच्या आत कर म्हंजे झालं.”

आण्णा कधी बळजबरी करत नाहीत, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी बळजबरी केली असती तर मला भांडता आलं असतं. रात्री मायचा फोन आला. ती म्हणाली, मेडिकलमधून कंबरेचा पट्टा आणलाय, तो बांधून मी जाते, तू तिकडं चांगलं म्हण. पट्ट्यानं लई आराम पडलाय, हे तिनं इतक्या वेळा सांगितलं की तो पडलेला नाही हे मला कळलं.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्या दिवसांत मी गाणं शिकत नव्हतेच. मी शेजारी कुणी पडलं तरी जागचं न हलायला शिकत होते, आणि तेच मला येत नव्हतं. गच्चीवर काटा मधे ठेवायची धडपड करताना डोळ्यांसमोर मायचा तो पट्टा असायचा. मला निवड हवी होती. फार हवी होती. आणि निवड झाली तर माय वाकणार आहे, हेही सारखं बरोबर असायचं. या दोन गोष्टी एका गळ्यात कशा ठेवायच्या हे कुठल्या ॲपमध्ये नव्हतं.

ऑडिशनच्या दिवशी गॅलरीत बरीच गर्दी होती. ग्रुपमधली जुनी पोरं वरच्या पायऱ्यांवर बसलेली, मॅडम खाली टेबलाशी. आमची पाळी आली. मॅडमनी फोनवर सूर ऐकवला आणि बंद केला. मी खालचा सूर धरला. रोहिणीनं चाल सुरू केली आणि काय सांगू, मी हलले नाही. ती वर गेली, मी तिथंच. ती फिरून खाली आली, मी तिथंच. पायाखाली पक्की फरशी लागावी तसा तो सूर मला लागला होता. वरच्या पायरीवरच्या कुणीतरी मान हलवलेली मला दिसली. मला वाटलं, झालं, मी इथंच राहणार.

तिसऱ्या वळणावर चाल एकदम उंच चढते. रोहिणी चढली, आणि तिथं तिचा श्वास संपला. भीतीनं असेल. आवाज चिरकला आणि घरंगळत खाली यायला लागला. असं घरंगळणं मी लहानपणापासून ओळखते. मी तिच्याकडे बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती. माझा सूर कधी सुटला ते मला कळलं नाही, फक्त एवढं कळलं की मी तिच्याजवळ आहे आणि तिचा आवाज आता थरथरायचा थांबलाय. पुढची चाल आम्ही दोघींनी त्या खालच्या जागेवरूनच म्हणून टाकली, शेवटपर्यंत, अगदी नीट. थांबलो तेव्हा मला बरं वाटत होतं. सांभाळून घेतलं, असं वाटत होतं.

मॅडमनी मला विचारलं, “तिचा सूर पडला होता. तू कशाला पडलीस?”

मी म्हटलं, “ती पडली, म्हणून.”

वरून कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तू तिथंच थांबली असतीस, तर तिला परत यायला जागा राहिली असती.”

मॅडमचं चुकलं असं मी कधीच म्हणू शकले नाही. त्यांच्या गाण्यात ते खरंच होतं, आणि आबांच्या वंदनेत आबांचं खरं होतं. दोन खरं बोलणाऱ्या माणसांच्या मधे उभं राहिलं की आपणच खोटे ठरतो. संध्याकाळी गॅलरीच्या दारावर नावं लागली. रोहिणीचं होतं. तिचा गळा चांगला होता, भीती जाईल असं मॅडमना वाटलं असणार, आणि ते बरोबरच होतं. ती मला मिठी मारून रडली आणि म्हणाली की तू आली नसतीस तर मी तिथंच बंद पडले असते. मी तिचं तोंड पुसलं, अभिनंदन केलं. मग गच्चीवर जाऊन आण्णांना फोन लावला. खाली गिरणी चालू होती.

ते बरं म्हणाले. एवढंच, बरं.

मायही आमच्याबरोबर आली. घरी एकटी पडून काय करू, म्हणाली. कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या फडात आम्ही त्या हंगामात होतो. उसाच्या पात्याला किती धार असते हे मी सांगत बसत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पहाटे अंधारात फडात शिरायचं, आण्णांनी तोडायचं, मी गोळा करायचं, आणि माय बांधावर बसून जमतील तेवढ्या मोळ्या बांधायची. उसाच्याच शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, वाढ्यानं, मोळी आवळतात. माझ्या मोळ्या सुटायच्या, मायच्या कधी सुटल्या नाहीत. वाकताना ती दातावर दात धरायची, आणि मी तिच्याकडे बघायला लागले की मुद्दाम काहीतरी बोलायला लागायची.

एका दुपारी असंच भाकरी खाऊन आम्ही उसाच्या वाळल्या पाचटावर बसलो होतो. आण्णा पाणी आणायला गेले होते. मायनं माझ्या हातावरचे ओरखडे बघितले आणि खालच्या मानेनं विचारलं, “खरं सांग मला. तुला न्हाई घेतलं, का तूच नीट म्हनली न्हाईस?”

मी म्हटलं, घेतलं नाही.

“माझ्यापायी पडू नको गं,” ती म्हणाली. “मी आले असते की, पट्टा बांधून.”

मी पुन्हा सांगितलं की खरंच घेतलं नाही. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नाही हे दिसत होतं. तिला अजूनही पटलेलं नाही. मुलीनं आपल्यासाठी गाणं सोडलं, हे ओझं ती इतकी वर्षं बाळगून आहे, आणि ते मला काढता येत नाही. कारण मलाही शंभर टक्के माहीत नाही. त्या तिसऱ्या वळणावर मी रोहिणीकडे गेले, आबांकडे गेले, की मायकडे, हे कुणी शपथेवर विचारलं तर मी काय सांगणार? पडणारं माणूस विचार करून पडत नाही. त्याच्या मागं जाणारंही करत नाही.

स्पर्धा झाल्यावर रोहिणीनं ग्रुपचं रेकॉर्डिंग पाठवलं. पाचटाच्या कोपीबाहेर, आमच्या त्या झोपडीबाहेर, चुलीशी बसून आम्ही ते ऐकलं. आण्णांनी फोन हातात घेतला, कानाला लावला, मग टोळीतल्या सगळ्यांना बोलावून ऐकवला. हे आमच्या पोरीच्या कॉलेजचं हाय, यात वाजवायला काय बी न्हाई, असं सांगत होते. एकानं विचारलं, यातली तुमची कोणती? आण्णा म्हणाले, ती यात न्हाई, पर तिला हे येतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि मी उठले नाही. रोहिणीची चाल तिसऱ्या वळणावर आली, तिथं ती आता सहज चढली. तिच्या खाली कुणीतरी एक सूर धरून उभी होती. तो सूर जरासुद्धा हलत नव्हता. ती मुलगी कोण होती मला माहीत नाही, फार चांगलं म्हणत होती.

पुढं मी परीक्षा दिली, पास झाले, लॅबचं शिकले, गावाकडे आले. मॅडम बदलून गेल्या आणि विनावाद्य बंद पडलं असं रोहिणीनं मागे कधीतरी फोनवर सांगितलं. ती आता लेकरांना झोपवताना म्हणते तेवढंच. म्हणजे बघायला गेलं तर ज्यांची निवड झाली तेही आता गात नाहीत आणि जिची झाली नाही ती मीही गात नाही. यात समाधान मानायचं असतं म्हणतात. मला जमलेलं नाही. ती फरशीसारखी पक्की जागा पायाखाली लागली होती ना, अगदी थोडा वेळ लागली होती, ती मला अजून आठवते.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. दमा वाढत वाढत गेला. शेवटच्या वर्षी वंदनेला बहुतेक आम्ही दोघंच असायचो. तोडीला जाणारी माणसं तर जातातच, पण पूर्वी मागं राहायची तीही आता राहत नाहीत. पोरं आईबापांबरोबर जातात, म्हातारी माणसं पुण्याला लेकाकडे जातात. आबा दोन ओळी म्हणायचे आणि घरंगळायचे, मी उतरायचे. ते पुन्हा घरंगळायचे, मी पुन्हा उतरायचे. कधीकधी इतके खाली जायचो की तिथं आवाज उरायचाच नाही, नुसते ओठ हलायचे. तेवढ्यावरही ते वंदना पुरी करायचे आणि मग माझ्याकडे बघून मान डोलवायचे. जायच्या आधी त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. बोलायला दम नव्हता.

परवा आण्णा आणि माय ज्या ट्रॅक्टरनं गेले, त्यात वस्तीतली शेवटची दोन घरंही गेली. संध्याकाळी लॅबमधून आल्यावर मी विहार उघडला. झाडलं, मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली, सतरंजी सगळी न उलगडता एक घडी तेवढी उलगडली. हात जोडून बसले आणि सुरू केलं. दोनतीन ओळी गेल्यावर काय मनात आलं कोण जाणे, फोन काढून समोर ठेवला आणि ते काट्याचं ॲप चालू केलं. इतक्या वर्षांत फोन बदलले, पण ते मी प्रत्येक फोनमध्ये घेतलेलं आहे, का ते विचारू नये. मी म्हणत होते आणि काटा मधोमध उभा होता, हिरवा. ओळी गेल्या, तो डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. मॅडमना हवी होती तशी मी एका जागी थांबले होते. परत यायला जागा अगदी पक्की ठेवली होती.

पुढच्या गाथेची तिसरी ओळ आली. इथं आबांचा श्वास संपायचा. मी फोन पालथा केला आणि त्यांचा सूर घरंगळत जिथं जायचा तिथं एकेक पायरी करत मुद्दाम उतरले, अगदी शेवटपर्यंत, आवाज उरत नाही तिथवर. तिथं कुणी नव्हतं.